बसण्याचं भाडं

मराठीत दारू प्यायला जायचं असेल तर दारूचं नाव घ्यावं लागत नाही. ‘आज बसायचं का?’ एवढं पुरतं, आणि समोरचा माणूस त्यातून खुर्चीचा अर्थ काढत नाही. पिण्याला बसण्याचं नाव देण्यात थोडा आडपडदा आहे, हे खरंच. पण त्यात एक नेमकं निरीक्षणही आहे: माणूस अशा जागी जातो तो ग्लासातल्या द्रवासाठी कमी आणि त्या निमित्ताने मिळणाऱ्या दोन-तीन तासांसाठी जास्त. बेंगळुरूत आलेल्या पाहुण्याने एखाद्या ऐतिहासिक ठिकाणी जाऊन चार घोट घ्यायचे, जेवायचं असं ठरवलं, तर त्याने कुठे जावं आणि तिथलं ‘ऐतिहासिक’ म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर मला त्या क्रियापदातच सापडतं. खाण्यापिण्याच्या जुन्या जागेचा इतिहास तिच्या भिंतींत नसतो, पाककृतीतही फारसा नसतो. ती जागा कोणाला, कोणत्या अटींवर, किती वेळ बसू देते यात तो असतो. हे म्हणणं एकट्यानेच मांडलं तर फारच गुळगुळीत होईल, म्हणून दोघांना बोलायला लावतो. शास्त्री पूर्वपक्ष-उत्तरपक्ष करत, फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त धोंडिबा आणि जोतीरावांना बोलतं केलं, ही रीत आपल्याकडे दोन्ही गोटांत चालत आली आहे. इथले दोघे कल्पित आहेत. पुण्याचे हिशेबी भावजी, आणि बेंगळुरूत मुरलेल्या वहिनी. माझा कल वहिनींकडे आहे हे आधीच कबूल करतो. भावजींना मात्र मुद्दाम दुबळं ठेवलेलं नाही.

भावजी: वहिनी, ‘ऐतिहासिक’ हा शब्द तुमच्या गावात फार स्वस्त झालाय. जो तो सेंट मार्क्स रोडवरच्या कोशीजचं नाव घेतो. पी. ओ. कोशी यांनी १९४० साली बेकरी काढली, तिचं पुढे परेड कॅफे झालं. म्हणजे शंभरीसुद्धा नाही. आमच्या पुण्याच्या कॅम्पातलं दोराबजी १८७८चं, मुंबईचं लिओपोल्ड १८७१चं. तुम्हाला जुनंच हवं असेल तर रेसकोर्सजवळचं वेस्ट एंड आहे की. १८८७ साली ब्रॉन्सन नावाच्या बाईंनी दहा खोल्यांचं बोर्डिंग हाउस म्हणून ते सुरू केलं. आज ताजकडे आहे, भोवती वीसेक एकर झाडी आहे. प्रवाशाला खोली, जेवण आणि पेय एका छपराखाली देणारी जुनी सराई म्हणावी तर ती तीच. कोशीजमध्ये मुक्काम नाही, इमारतीत डोळे दिपावेत असं काही नाही. बिअर म्हणाल तर किंगफिशरची तीच बाटली पुण्याच्या कुठल्याही परमिट रूममध्ये मिळते, आणि मटण कटलेट म्हणजे काही ताम्रपट नव्हे. मग नेमकं बघायला काय जायचं?

वहिनी: बघायला जायचंच नाही, भावजी, बसायला जायचं. वर्षांवरूनच ठरवायचं असेल तर मुंबईच्या काळाघोड्याजवळचं वॉटसन हॉटेल घ्या. १८६०च्या दशकाच्या अखेरीस विलायतेत ओतलेला लोखंडी सांगाडा जहाजाने आणून इथे उभा केला. ७ जुलै १८९६ला ल्युमिएर बंधूंची चित्रफीत हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती तिथेच. इमारत अजून आहे, जुन्या वास्तूंच्या यादीतही आहे. पण हॉटेल कधीच बंद पडलं, आत गाळे आणि कचेऱ्या झाल्या, आणि २०१९ साली धोकादायक म्हणून ती रिकामी करायला लावली. म्हणजे भिंती उरल्या, खुर्ची गेली. आता आमच्याकडचं इंडिया कॉफी हाउस बघा. महात्मा गांधी रस्त्यावर पन्नास वर्षं होतं. २००९ साली जागा सोडावी लागली आणि ते चर्च स्ट्रीटवर गेलं. इमारत गेली, खिडकीतून दिसणारा रस्ता गेला. तरी पांढरा गणवेश, डोक्यावर फेटा, कमरेला पट्टा, जाड काचेसारखी क्रोकरी, आणि एका कॉफीवर तासभर बसलेल्या म्हाताऱ्याला कोणी उठवायचं नाही ही रीत, एवढं सगळं पलीकडच्या गल्लीत गेलं. लोकही त्याच्या मागोमाग गेले. आता या दोहोंपैकी जिवंत जुनी जागा कोणती, ते तुम्हीच सांगा.

भावजी: तुम्ही सोयीची दोन उदाहरणं निवडलीत. बरं, तिसरं मी देतो. तुमचं शहर बिअरवर वाढलं असं सांगतात, तर त्या बिअरचाच इतिहास बघू. १८०९ साली इंग्रजांनी श्रीरंगपट्टणचा हिवताप टाळून इथे छावणी वसवली, गोऱ्या शिपायांना बिअर हवी म्हणून दक्षिणेत ठिकठिकाणी भट्ट्या निघाल्या. थॉमस लीशमन नावाच्या स्कॉटिश माणसाने १९१५ साली त्यातल्या पाच एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज काढली, आणि स्वातंत्र्याच्या सुमाराला विठ्ठल मल्ल्यांच्या हाती ती आली. हा खरा, कागदोपत्री इतिहास. बिअर प्यायची तर या इतिहासासाठी प्यावी. एखाद्या हॉटेलात कोण लेखक रोज कुठल्या टेबलाशी बसतो याच्यासाठी कशाला?

वहिनी: आणि त्या इतिहासाची जागा कुठे आहे आज? विठ्ठल मल्ल्या रोडवर, जिथे ब्रुअरी होती तिथे, यूबी सिटी आहे: काचेचा मनोरा आणि विलायती घड्याळांची, पर्सांची दुकानं. पेयाचा सगळा इतिहास ज्या मातीत झाला तिथे पेयाच्या इतिहासासाठी कोणी जात नाही. दोष कोणाचाच नाही. भट्टी म्हणजे कारखाना, कारखाना हलतो. पण यावरून दिसतं की पेय स्वतःबरोबर जागेचा इतिहास बाळगत नाही. बाटली कुठेही उघडते. जागा जुनी होते ती माणसं एकाच टेबलाशी पुन्हा पुन्हा येऊन बसल्याने. रामचंद्र गुहांसारखा इतिहासकार कोशीजचा नेहमीचा गिऱ्हाईक आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, पण त्याला महत्त्व आहे ते शेजारच्या टेबलावर कोण आहे म्हणून: निवृत्त बँकवाला, कोर्टातून आलेला वकील, घर दाखवणारा दलाल, नाटकवाल्यांचं टोळकं. एवढ्या तऱ्हांची माणसं एकमेकांना न ओळखता तीन तास एका छताखाली बसतात, अशा जागा शहरात मोजून किती असतात?

इथे जरा थांबून भूगोल सांगायला हवा. बेंगळुरू हे एक शहर नव्हतं. केंपेगौडाची पेठ आणि इंग्रजांची छावणी अशी दोन गावं शेजारी होती, मध्ये कब्बन पार्क, आणि दोघांच्या नगरपालिका १९४९ साली एक झाल्या. पेठेच्या बाजूला इडली, डोसा, कॉफी. छावणीच्या बाजूला पाव, कटलेट, बिअर. मवळ्ळी टिफिन रूम्स म्हणजे एमटीआर १९२४चं, बसवनगुडीतलं विद्यार्थी भवन १९४३चं, ही पहिल्या परंपरेतली. कोशीज दुसऱ्या. आणि तिसरी परंपरा आपली असून मराठी पाहुण्याला तीच माहीत नसते: मिलिटरी हॉटेल. या शहरात मांसाहारी खानावळीला मिलिटरी हॉटेल म्हणतात, आणि त्यातली बरीच जुनी मराठा कुटुंबांनी काढलेली. कॉटनपेट भागातलं गोविंदराव, जयनगरचं शिवाजी, नावं वाचूनच कळतं. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर जिंकलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं; त्यांच्या सैनिकांच्या भटारखान्यातून ही हॉटेलं निघाली, अशी कथा सांगतात. कथा ती कथा, मला तिच्यावर भार टाकायचा नाही. पण तिथे मिळणाऱ्या बिर्याणीचं नाव ‘दोन्ने बिर्याणी’, आणि दोन्ने म्हणजे आपला द्रोण. सुक्या पानांच्या द्रोणात वाढलेला, कोथिंबीर-पुदिन्याने हिरवट झालेला, आखूड दाण्याचा भात. इथे दारू मिळत नाही. सकाळी नऊला पाय-सूप, दुपारी बिर्याणी, संपलं की शटर खाली. वहिनींच्या सिद्धांताला ही हॉटेलं सोयीची नाहीत, आणि भावजींना ते बरोबर दिसलं.

भावजी: चला, मिलिटरी हॉटेलात तुमचं ‘बसणं’ दाखवा. माणूस येतो, वीस मिनिटांत जेवतो, हात धुतो, जातो. मागे दुसरा उभाच असतो, खुर्चीच्या पाठीला हात लावून. विद्यार्थी भवनात डोशासाठी बाहेर रांग लागते. आत गेल्यावर रेंगाळलात तर लोक डोळे वटारतात. तरी ही ठिकाणं जुनी आहेत, लोकांना प्राणप्रिय आहेत. म्हणजे जुनेपणा जिभेवर असतो, वहिनी, बैठकीत नाही. शिवाय बेंगळुरूने जगाला जे दिलं ते बसण्याच्या नेमकं उलटं आहे: दर्शिनी. १९८३ साली जयनगरात कॅफे दर्शिनी निघालं, आणि शहराने उभ्याने खायला सुरुवात केली. स्टीलचं उंच टेबल, पैसे आधी, टोकन, इडली, कॉफी, रस्ता. खुर्ची काढून टाकली म्हणून खाणं स्वस्त झालं, आणि स्वस्त झालं म्हणून रिक्षावाला आणि सॉफ्टवेअरवाला एकाच टेबलावर कोपर टेकून उभे राहिले. तुमच्या कोशीजमध्ये बिअर मागवण्याची ऐपत नसलेला माणूस दारातूनच परत जातो. तुमची बैठक म्हणजे ज्यांच्या खिशात वेळ आणि पैसा दोन्ही आहे त्यांची बैठक.

वहिनी: दर्शिनीबद्दल तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे, आणि ते माझ्याविरुद्ध जात नाही. दर्शिनीने काय काढून टाकून खाणं स्वस्त केलं? खुर्ची. म्हणजे खुर्चीला किंमत होती, जागेचं भाडं होतं, आणि ते इडलीच्या दरात लपलेलं होतं. दर्शिनीवाल्याने ते बिलातून वगळलं. माझं म्हणणं एवढंच की काही जागा ते भाडं अजून घेतात आणि त्या बदल्यात वेळ देतात. जुन्या सराईचा वारसा तो हाच. विद्यार्थी भवन आणि मिलिटरी हॉटेल यांना मी वगळत नाही, त्यांच्याकडे दुसरा वारसा आहे, चवीचा. पण प्रश्न होता पेय आणि जेवण दोन्हींचा, संध्याकाळ घालवण्याचा. एका हिरव्या भातासाठी मी आनंदाने रांगेत उभी राहीन, संध्याकाळसाठी नाही.

भावजी: मग माझा मोठा आक्षेप ऐका. सराई, हॉटेल, क्लब यांच्या ‘अटींचा’ इतिहास तुम्ही कौतुकाने सांगता, पण तो इतिहास बहुतांशी हाकलण्याचा आहे. वॉटसन फक्त गोऱ्यांसाठी होतं. एमटीआरचं मूळ नाव ब्राह्मण कॉफी क्लब. आणि १९१७ साली बडोद्यात काय झालं? परदेशात शिकून आलेल्या आंबेडकरांना शहरात कोणी राहायला जागा दिली नाही, पारशी सराईत पारशी नाव सांगून राहावं लागलं, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. महाराष्ट्रातल्या माणसाने ‘जुनी सराई’ हा शब्द उच्चारताना तिचं हे चित्र डोळ्यांपुढून हलवायचं नाही. बायकांचं तर सोडाच. २००९च्या जानेवारीत तुमच्याच राज्यात, मंगळुरूच्या एका पबात बसलेल्या मुलींना टोळक्याने मारहाण केली. मग कुठल्या परंपरेत जाऊन बसायला सांगता तुम्ही पाहुण्याला?

या आक्षेपाचं वजन कमी करून चालणार नाही, आणि ‘ते जुनं झालं’ हे उत्तर तर इतिहासावरच्या लेखात शोभणारच नाही. पण मला वाटतं, हा आक्षेप वहिनींचा मुद्दा पाडत नाही, उलट त्याला धार देतो. बडोद्याच्या प्रसंगात दुखावणारी गोष्ट अन्नाची नव्हती, इमारतीची नव्हती; राहण्या-बसण्याच्या हक्काची होती. इंग्रजांनी १८६७ साली सराई कायदा केला, सराया नोंदवल्या, स्वच्छता आणि पाण्याची जबाबदारी सराईवाल्यावर टाकली. पण दारात आलेल्या कोणालाही आत घ्यावं लागेल, ही गोष्ट या देशात खऱ्या अर्थाने लिहिली गेली ती संविधानात. कलम १५च्या दुसऱ्या पोटकलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कोणाला अडवता येणार नाही. मूलभूत हक्कांच्या यादीत उपाहारगृहाचा उल्लेख असणं ही साधी बाब नाही. ज्या माणसाला सराईतून काठ्यांनी काढलं तोच मसुदा समितीचा अध्यक्ष होता.

वहिनी: म्हणूनच मी वेस्ट एंड आणि बेंगळुरू क्लब यांच्याकडे बोट दाखवत नाही. क्लब १८६८चा, कोशीजपेक्षा बहात्तर वर्षांनी जुना. तिथली प्रसिद्ध गोष्ट तुम्हाला माहीत असेल. लेफ्टनंट चर्चिल १८९६ साली इथे छावणीत आला, क्लबात खाल्लं-प्यायलं, आणि १८९९च्या थकबाकीदारांच्या यादीत सतरा जणांत त्याचं नाव आहे, रक्कम तेरा रुपये. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्लबाच्या संपत्तिकरावर निकाल दिला तेव्हा न्यायमूर्तींना या तेरा रुपयांचा उल्लेख केल्याशिवाय राहवलं नाही. गोष्ट गमतीची आहे. पण बघा, उधारी कुणाला मिळते? सभासदाला. क्लब म्हणजे यादी. यादीत नाव असेल तर उधारीसुद्धा चालते, नसेल तर रोख मोजूनही आत जाता येत नाही. सराई याच्या उलट असायला हवी: नाव कोणी विचारायचं नाही, पैसे मात्र द्यायचे. आपल्याकडे हे उलटं करायला संविधान लागलं. म्हणून माझ्या लेखी आपली ऐतिहासिक सराई ती, जी या बदलाच्या काळात उभी राहिली आणि जिच्या खोलीत हा बदल पचला. सर्वांत जुनी असणं ही अशा जागेची मोठी अडचणच असते, तिला बरंच काही विसरावं लागतं. मंगळुरूचंही तेच. त्या टोळक्याचा राग ग्लासावर नव्हता, मुली दुपारी उघडपणे बसल्या यावर होता. बसण्यात काही नसतं तर कोणी मारायला आलं नसतं.

भावजी: ऐपतीचं काय पण?

वहिनी: तिथे मी हरले. कर्नाटकात दारूचा सीएल-२ परवाना म्हणजे दुकान, विकत घ्या आणि निघा. सीएल-९ म्हणजे बार, ज्याला सरकारी कागदात ‘रिफ्रेशमेंट रूम’ असं गोंडस नाव आहे. दोन्हींत दारू तीच, फरक किमतीचा, आणि तो फरक म्हणजे बसण्याचं भाडं. ज्याला ते परवडत नाही तो दुकानाच्या मागच्या बोळात, मोटरसायकलच्या सीटवर ग्लास ठेवून, उभ्यानेच संपवतो. त्याला बसायला मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण त्यावर उपाय म्हणून सगळ्यांच्या खुर्च्या काढाव्यात, असं तुम्हालाही वाटत नसेल.

भावजी: नाही. पण सगळ्यांच्या खुर्च्या बाजारच काढणार आहे, तुम्ही-मी काय म्हणतो याला किंमत नाही. सीएल-९चे नवे परवाने सरकारने १९९२पासून थांबवले. म्हणजे जुन्या बारची खरी किंमत त्याच्या वेताच्या खुर्च्यांत नाही, भिंतीवर टांगलेल्या त्या कागदात आहे. मालकाचा नातू उद्या तो कागद एखाद्या मोठ्या गुंतवणूकदाराला देईल, घरी बसून खाईल, आणि त्यात गैर काही नाही. छावणीतला ड्यूअर्स बार १९३३चा. वेताच्या खुर्च्या, मेंदू-कलेजीच्या बश्या, सगळं शहर हळहळायचं त्याच्या नावाने. तोही बंद झाला. हळहळणाऱ्यांपैकी किती जण दर आठवड्याला जात होते? एमटीआरचंच बघा. आणीबाणीत सरकारने पदार्थांचे दर इतके उतरवायला लावले की एमटीआरला रोज तोटा होऊ लागला. ते रोजचा तोटा बाहेर फलकावर लिहीत, शेवटी उपाहारगृह बंद करावं लागलं. मग त्यांनी रवा इडलीचं पीठ पाकिटात भरून विकायला घेतलं आणि खरा पैसा त्यात झाला. तुमच्या भाषेत सांगायचं तर बैठक मोडली आणि नाव वाढलं.

वहिनी: उदाहरण चांगलं आहे, पण अर्धंच सांगितलंत. पाकिटं विकून पैसा आल्यावर त्यांनी काय केलं? लालबागजवळचं उपाहारगृह पुन्हा उघडलं. पाकिटाला मागणी होती ती त्या खोलीतल्या चवीची आठवण असलेल्या लोकांमुळे. खोली नसती तर तो एक रव्याचा पुडा. आणि दर कोण ठरवतो हा तुमचा मुद्दा तर माझाच आहे. बसण्याचं भाडं दरात धरायला बंदी केली की बसण्याची जागा मरते. आणीबाणीने ते फलकावर लिहून दाखवलं. उरतो प्रश्न तो एवढाच की ते भाडं भरायचं कोणी. मला दोनच रीती दिसतात. एक, कोणीतरी दुसरा गिऱ्हाईक भरतो. कॉफीवर दोन तास काढणाऱ्याचा तोटा शेजारच्या टेबलावरची चौथी बिअर भरून काढते. इथे पेयाचं काम कळतं, भावजी. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात या शहरात पब निघाले, रेस्ट हाउस रोडवरचं पेकोस १९८९चं, तेव्हा पिंपातली बिअर आणि जुनी गाणी एवढ्या भांडवलावर विद्यार्थ्यांना संध्याकाळ मिळाली ती यामुळेच. उलटा पुरावा २०१७चा. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारू नको, या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे एम. जी. रोड, ब्रिगेड रोड भागात जुलैमध्ये नळ बंद झाले. स्वयंपाकघरं चालूच होती, खुर्च्या होत्या, दिवे होते. तरी कित्येकांना दार लावावं लागलं. जेवणाने एकट्याने खुर्चीचं भाडं निघत नाही.

भावजी: आणि दुसरी रीत?

वहिनी: मालकच नको. १९५७ साली कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली, कामगारांना घरी पाठवायला निघाले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या. देशातली पहिली संस्था बेंगळुरूची, ऑगस्ट १९५७मधली. तिथे दारू नाही, चौथी बिअर नाही. तरी एका कॉफीवर बसू देतात, कारण नफा वर ओढून नेणारा कोणी नाही.

भावजी: आता पकडलं तुम्हाला. तुम्ही तीन तास बसता तेव्हा कोणीतरी तीन तास उभा असतो. तुमच्या सगळ्या बोलण्यात तो उभा माणूस नव्हता. तो म्हातारा वेटर, ज्याला नेहमीच्या गिऱ्हाइकाची आवड न सांगता ठाऊक असते, त्याच्या पोटऱ्या कोण बघतो? कौतुक त्याच्या स्मरणशक्तीचं. पगार किती ते कोणी विचारत नाही.

वहिनींच्या वतीने उत्तर लिहिताना मी इथे अडलो, आणि ते अडणं तसंच ठेवतो. भावजींचा हा मुद्दा खोडता येत नाही. फार तर एवढं म्हणता येईल की त्याची खरी दखल घेणारी जागा त्यांच्या वादात आधीच येऊन गेली आहे, ती कॉफी हाउसची. उभ्या माणसाची भागीदारी कागदावर असलेली एवढी एकच परंपरा या शहराने निर्माण केली, आणि तिच्याजवळ पेय कॉफीचंच आहे. बिअरवाल्या जुन्या खोल्यांत मात्र उभ्या माणसाचा हिशेब टिपेवर सोडलेला असतो. मुंबईच्या १९९५च्या वारसा नियमावलीपासून आपण या देशात दगड, कमानी, लाकडी जिने जपायला शिकलो, ते चांगलंच झालं. त्या यादीत माणसाचं काम लिहिण्याचा रकाना नाही. म्हणूनच वॉटसनची कमान यादीत राहते आणि आतलं हॉटेल नाहीसं होतं, कोणाच्याही नियमाचा भंग न होता.

पाहुणा म्हणून जाणाऱ्यावर याचा काही परिणाम व्हायला हवा की नको? माझ्या मते हवा, आणि तो फार साधा आहे. फोटो काढून, एक बटाट्याचं कटलेट अर्ध्यात टाकून, ‘इथे नेहरू जेवले होते म्हणे’ एवढं सांगून निघणारा माणूस त्या जागेचा इतिहास बघतच नाही. तो कमान बघतो. चौथी बिअर मागवायलाच हवी असं नाही (आरोग्याच्या दृष्टीने ती न मागवलेलीच बरी), पण जेवण मागवावं, इष्टू-अप्पम मागवावं, दुपारी साडेतीनच्या रिकाम्या वेळी जावं, जेव्हा टेबलाला दुसरं गिऱ्हाईक नसतं आणि तुमच्या बसण्याने कोणाचा रस्ता अडत नाही. शनिवारी रात्री आठला तीन तास बसणं म्हणजे दुसऱ्याची संध्याकाळ खाणं. तिथे दर्शिनीचा शिष्टाचार पाळावा, आटपावं, उठावं.

भावजी: म्हणजे शेवटी तुम्ही मला बुधवारी दुपारी साडेतीनला पाठवणार. सुट्टी काढून.

वहिनी: अर्धा दिवस काढा. आधी कॉटनपेटेत द्रोणातला भात खाऊ नका, नाहीतर कोशीजमध्ये काही मागवणार नाही तुम्ही. खिडकीजवळचं टेबल मिळालं तर घ्या. वर्तमानपत्र न्या, तिथे मोबाइल बघत बसलेलं बरं दिसत नाही.

भावजी: आणि किती वेळाने बिल आणतात?

वहिनी: मागेपर्यंत आणत नाहीत. आणि टीप रोख द्या, उभ्या माणसाच्या हातात.